पीसी घेताना बेंचमार्क चालवून बघा

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या महिन्यात इथं इंदूरातच एका दुकानातून मुलासाठी असेंबल केलेला पीसी घेतला, दुकानदार म्हणाला एकदम रॉकेट आहे, आणि घरी व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की थोड्याच वेळात गाडी हापायला लागायची. भाच्यानं सिनेबेंच आर२३ हे बेंचमार्क, म्हणजे पीसीचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलं, फुकट मिळतं, ते प्रोसेसरकडून एकच चित्र परत परत रेंडर करवून (म्हणजे आकडेमोड करून तयार करवून) घेतं आणि मार्क देतं. एक राउंड चालवला तर मार्क झकास, पण १० मिनिटं चालवलं की धडाधड खाली, म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करत होता, कूलर नीट बसवलाच नव्हता (आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, त्यात एसी नाही). मग डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क लावलं. पैसे घेतले एनव्हीएमईचे (ही वेगवान प्रकारची एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची डिस्क), आकडा आला सेकंदाला ५४० एमबी, म्हणजे चक्क जुन्या, हळू साटा जोडणीची एसएसडी! जेन ३ ची (तिसऱ्या पिढीच्या जोडणीची) चांगली एनव्हीएमई ३००० च्या पुढं जाते. आकडे दाखवल्यावर दुकानदारानं मुकाट्यानं बदलून दिली म्हणा.

सराफ्यात सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतोच ना, मग दुकानदारांनी बिलासोबत हे दोन आकडे छापून द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, इंदूर