मोतीबिंदू परत येत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की चष्मा सुटला असं बरेच जण धरून चालतात, आणि मग पेपर वाचता येईना की घाबरतात. माझ्या आईचं अगदी हेच झालं. ऑपरेशनमध्ये डोळ्यात जी कृत्रिम लेन्स बसवतात, त्यातली साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरासाठी असते, बहुतेक वेळा लांबच्या, त्यामुळे वाचायला चष्मा लागतोच, म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, पण हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलंच नाही याचं फार वाईट वाटतं. मल्टिफोकल, म्हणजे एकापेक्षा जास्त अंतरांसाठीची लेन्स घेतली तर चष्मा कमी लागतो पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर दिसायला लागलं की लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही हो! लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू गढूळ होते, याग लेसरने काही मिनिटांत ती मोकळी करता येते, लेन्स बदलावी लागत नाही. मात्र डायबेटिसने डोळ्याचा पडदा किंवा काचबिंदूने नस आधीच खराब झाली असेल तर लेन्स कितीही भारी घेतली तरी नजर पूर्ण येईलच असं नाही.

आणि ऑपरेशननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर एकदम कमी झाली तर ड्रॉप्स घालत वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

– एक वाचक