आधी चिप, मग लस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आमच्या भागातील व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप हमखास फिरू लागतो: ‘परदेशी जात असल्यामुळे आमचा कुत्रा चांगल्या घरी द्यायचा आहे.’ त्याखाली लोक निर्दय, स्वार्थी वगैरे लिहून मोकळे होतात. मीही पूर्वी तसेच म्हणत असे. परंतु गेले सहा महिने आमच्या बंड्याला (सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला, शुद्ध देशी) जर्मनीला नेण्याच्या खटपटीत काढल्यावर माझे मत बदलले आहे. यांतील अनेकांना कुत्रा टाकायचा नसतो. नियम कळेपर्यंत त्यांची वेळ निघून गेलेली असते, इतकेच.

युरोपीय संघाच्या दृष्टीने भारत हा रेबीजचा धोका असलेला देश आहे. त्यामुळे येथून जाणाऱ्या कुत्र्याच्या कातडीखाली आंतरराष्ट्रीय मानकाची, पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप (कुत्र्याची ओळख पटवणारी बारीकशी चिप) असावी लागते. त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि तो युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा लागतो. दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे (लसीमुळे रक्तात तयार होणारी, रोगाशी लढणारी द्रव्ये) आढळली तरी लगेच निघता येत नाही, कारण रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणे बंधनकारक आहे. म्हणजे सगळे बिनचूक झाले तरी चार महिने लागतात. नोकरीचे पत्र आणि व्हिसा मात्र अनेकदा दोन महिन्यांत हातात पडतात.

आमची चूक क्रमाची होती. बंड्याला पिल्लू असल्यापासून दर वर्षी न चुकता रेबीजची लस दिलेली आहे आणि त्याचे लसीकरणाचे पुस्तक आमच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांपेक्षा नीटनेटके आहे. तरीही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी यंदाची लस आधी टोचली आणि चिप तीन आठवड्यांनी बसवली. चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस तिकडे ग्राह्य धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली याचा पुरावा राहत नाही. हे तर्काला धरूनच आहे. पण लस पुन्हा द्यावी लागली आणि तीस दिवसांची मोजणी नव्याने सुरू झाली. आम्ही सहा महिने आधीच हालचालीला लागलो होतो म्हणून निभावले.

एक दिलासादायक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही रक्ततपासणी एकदा उत्तीर्ण झाली आणि पुढची प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी दिली, तर तपासणी पुन्हा करावी लागत नाही. तेव्हा ज्या घरात परदेशी जाण्याची नुसती चर्चा आहे, त्यांनीही ती आताच उरकून घ्यावी. जपानला रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावे लागते, ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही, आणि अमेरिकेनेही ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले आहेत.

बाकी तयारी त्या मानाने सोपी, पण चिकाटीची आहे. ज्यात कुत्र्याला ताठ उभे राहता येईल, वळता येईल आणि पसरून झोपता येईल असा क्रेट (प्रवासाचा पिंजरा) आम्ही चार महिने दिवाणखान्यात उघडा ठेवला आणि आत त्याची जुनी गोधडी घातली. पहिले दोन आठवडे तो त्याकडे पाठ करून बसे. आता दुपारची झोप तेथेच होते. सरकारी पशुवैद्यकीय प्रमाणपत्र निघाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोहोचावे लागते, म्हणून तिकिटाची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख यांचा मेळ आधीच घालावा. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानातील सामानाच्या कक्षातून नेण्यास अनेक विमान कंपन्या नकार देतात, आणि ते योग्यच आहे. त्यांना उष्णतेत श्वास पुरत नाही. मुक्काम वर्षाच्या आतला असेल किंवा कुत्रा फार म्हातारा असेल, तर त्याला आजी-आजोबांकडे ठेवणे मला अधिक माणुसकीचे वाटते.

माझी विनंती महापालिका आणि खासगी पशुवैद्य या दोघांनाही आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना देताना रेबीजच्या लसीचा दाखला मागितला जातोच. त्याच वेळी चिपचा क्रमांक आणि ती बसवल्याची तारीखही नोंदवून घ्यावी. पशुवैद्यांनी लस टोचण्यापूर्वी यंत्राने चिप वाचून तो क्रमांक लसीच्या पानावर लिहावा, आणि चिप नसेल तर त्याच भेटीत आधी ती बसवून घेण्याविषयी मालकाला विचारावे. परदेशी जाण्याचा विचार नसलेल्यांनाही ही चिप हरवलेला कुत्रा शोधताना उपयोगी पडेल.

आम्ही पुढच्या आठवड्यात निघत आहोत. बंड्याची फाइल आम्हा तिघांच्या मिळून असलेल्या फाइलपेक्षा जाड झाली आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे