साखळी सोडा, आधी कुत्रं घरात घ्या

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळी तोंडावर आली म्हणून लिहितोय. मागच्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, आमचा बंड्या नेहमीसारखा अंगणात साखळीला बांधलेला, त्यानं झटका देऊन पट्टा डोक्यावरनं काढला आणि गेटखालनं जो पळाला तो तिसऱ्या दिवशी सरकारी घाटाकडं सापडला, दोन नखं तुटलेली, ओळख द्यायला पण तयार नाही. चूक आमचीच. बांधलाय म्हणजे सेफ आहे असं आपण धरून चालतो, पण बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं ना लपता येतं.

आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला तर त्याच्याही वरचं, म्हणजे रॉकेटची शिट्टी त्यांना कशी लागत असेल विचार करा.

आता आम्ही अंधार पडायच्या आत त्याला फिरवून आणतो, मग आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फॅन फुल आणि टीव्ही चालू. तो पलंगाखाली गोधडीवर जाऊन बसतो, बसू दे, ओढून बाहेर काढायचं नाही. जवळ घेतलं तर भित्रा होतो म्हणणारे शेजारी भेटतातच, तसं काही नसतं, खुशाल घ्या. पट्ट्यावर फोन नंबर मात्र लिहा, आमच्यावर नव्हता. आणि मेडिकलमधनं मनानं झोपेची गोळी आणू नका, काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, जनावरांच्या डॉक्टरला चार दिवस आधीच विचारा. माणसाची पॅरासिटामॉल तर मांजराला जीवघेणी आहे.

फटाकडी नकोच असं मी म्हणत नाही, दसऱ्याला कवठेएकंदची आतषबाजी बघत वाढलेली माणसं आपण. पण तिथं दिवस ठरलेला असतो, सगळ्यांना आधी माहीत असतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला दिवाळीसाठी रात्री ८ ते १० टाइम दिला होता, तेवढं पाळलं तरी आम्हाला दोन तास दार लावून बसता येईल, पहाटे साडेचारच्या बॉम्बला काय करणार?

गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवलंय, ग्रुपवर आधी टाइम टाका म्हणून. हो म्हणालेत, बघू.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली