दाणा भरताना आलेली उष्णता हीही आपत्तीच

महोदय,

अतिवृष्टीने शेत पाण्याखाली गेले किंवा गारपिटीने उभे पीक आडवे झाले, की नुकसान डोळ्यांना दिसते आणि पंचनामेही होतात. उष्णतेने केलेले नुकसान मात्र मळणी होईपर्यंत पुरते कळत नाही. मार्च २०२२ हा १९०१पासूनच्या नोंदींमधला देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्याच सुमारास पंजाब-हरियाणातील गहू दाणा भरण्याच्या अवस्थेत होता. एरवी महिनाभर सावकाश भरणारा दाणा अशा उन्हात मुदतीआधीच पक्व होतो, त्यात पुरेसा स्टार्च साठत नाही, आणि शेत दुरून चांगले पिकलेले दिसत असले तरी ओंबी हातावर चोळली, की बारीक, सुरकुतलेले दाणे निघतात. सरकारी खरेदीत अशा दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली, हे योग्यच झाले; पण त्यामुळे विकलेल्या क्विंटलचा भाव तेवढा वाचला, एकरी घटलेल्या क्विंटलांची भरपाई झाली नाही. पंजाबात तर तेव्हा पंतप्रधान पीक विमा योजनाही लागू नव्हती.

युद्धामुळे युक्रेनचा गहू अडकलेला असताना, १३ मे रोजी भारतानेही निर्यातबंदी जाहीर केली. २०१०मध्ये उष्णता आणि दुष्काळाने रशियातील गव्हाचे उत्पादन सुमारे एकतृतीयांशाने घटले, तेव्हा त्या देशानेही १५ ऑगस्टपासून धान्याची निर्यात थांबवली होती आणि इजिप्तसारख्या आयातीवर जगणाऱ्या देशांना दुसरीकडे धाव घ्यावी लागली होती. एका देशातले ऊन दुसऱ्या देशातल्या भाकरीपर्यंत पोहोचते ते असे.

म्हणूनच एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०२२मध्ये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. दाणा भरण्याच्या काळातील तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे काही दिवस टिकले, तर हवामान केंद्राच्या नोंदीवरूनच भरपाई मिळाली पाहिजे. भाताचे काड न जाळता त्यातच गहू वेळेवर पेरता येईल अशी यंत्रे लहान शेतकऱ्याला परवडणाऱ्या भाड्याने मिळाली, तर मार्चच्या उन्हाआधी बराचसा दाणा भरून होईल. हे काम निर्यातबंदीइतक्याच तातडीने व्हायला हवे.

– कृषी विषयाचा एक पदवीधर, नाशिक