पोटदुखीचे घरगुती उपाय : मात्रा कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला, नळाच्या पाण्याला वास येऊ लागला, की पोटात मुरडा, वायगोळा, अपचन यांवरील घरगुती उपाय पुरवण्यांमधून छापून येतात आणि नागपूरच्या महालातल्या वाड्यांपासून नव्या वस्त्यांमधील फ्लॅटांपर्यंत त्यांची कात्रणे, हल्ली मोबाइलवरचे फोटो, फिरू लागतात. या उपायांशी माझे भांडण नाही. मी स्वतः ओवा आणि काळे मीठ चावून वाढलेली बाई आहे. तक्रार एवढीच की त्यांत जिन्नस सांगितलेला असतो, परंतु तो किती घ्यावा, कोणाला देऊ नये आणि कुठे थांबावे, याचा उल्लेख नसतो.

जुन्या बायका मात्रेला फार जपत असत. मुरडशेंगेचेच पाहा. पीळ घातलेल्या दोरीसारखी दिसणारी ही शेंग बाळगुटीत असते आणि मुरड्यावरचे औषध म्हणून घराघरांत ओळखली जाते. आमची आजी सहाणेवर गुटी उगाळताना प्रत्येक काडीचे वेढे मोजत असे : मुरडशेंगेचे तीन-चार, हळकुंडाचा एक आणि वेखंडाचा जेमतेम अर्धा, कारण वेखंड जास्त झाले तर बाळाला ओकाऱ्या होतात, हे तिला पक्के ठाऊक होते. आता हीच गुटी 'सर्व वस्तूंची समप्रमाणात पूड करून' द्यायला सांगितली जाते. वास्तविक पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. गुटी मधातून चाटवण्याचा सल्ला तर वर्षाच्या आतील मुलांसाठी सरळसरळ धोक्याचा आहे, कारण मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ती रुजतात. आजीला हे ठाऊक नव्हते, आपल्याला आहे.

मोठ्यांच्या उपायांतही हाच घोळ आहे. ओव्यातले थायमॉल, पुदिन्यातले मेंथॉल यांनी आतड्याचे आखडलेले स्नायू सैल पडतात, त्यामुळे कळ कमी होते, हे खरे आहे. परंतु तोच पुदिना अन्ननलिकेच्या खालच्या, जठराकडच्या तोंडाचा स्नायूही सैल करतो, त्यामुळे सावजी रस्सा ओरपून आधीच छातीत जळजळ होत असलेल्या माणसाला तो अधिकच त्रास देतो. लिंबू आणि खाण्याचा सोडा घेऊन ढेकर येतो, पण सोड्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला झेपणारे नसते. पाळीतल्या दुखण्यावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक उत्तम. मात्र महिन्यामागून महिने दुखणे वाढतच असेल, तर त्या मुलीला पिशवीवर न ठेवता तपासून घ्यायला हवे.

मुरड्याबरोबर जुलाब असतील, तर ओवा-हिंगापेक्षा पाणी महत्त्वाचे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, एवढीच त्याची घरगुती कृती. यातही मात्राच मोलाची आहे. लिटरभर पाण्यासाठीची ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात कालवून पाजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. मीठ जास्त झालेले हे पाणी मुलाला बरे करण्याऐवजी आणखी आजारी पाडते.

आता जे लिहिते ते लिहिताना संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याला रात्री बेंबीभोवती कळा येऊ लागल्या. मी ओवा दिला, पोटावर हिंगाचा लेप लावला, थोडा उतार पडल्यासारखे वाटले. सकाळी दुखणे उजवीकडे खाली सरकले होते आणि त्याला जेवण नको झाले होते. 'पोट साफ झाले की बरे वाटते' असे एका कात्रणात वाचलेले मला आठवले आणि मीच त्याला एरंडेल पाजले. संध्याकाळी ताप चढला, रात्री शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते. मुलगा अकरा दिवस दवाखान्यात होता. बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या कुशीत उतरणारे दुखणे हे अपेंडिक्सचे ठरलेले लक्षण आहे आणि अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितले. त्या कात्रणात हे एक वाक्य असते, तर मी बाटलीला हात लावला नसता.

म्हणून विनंती अशी की यापुढे पोटदुखीवरील उपाय छापताना प्रत्येकाबरोबर मात्रा आणि वय द्यावे आणि शेजारी एक चौकट ठेवावी : पोट फळीसारखे कडक होणे, उलटीत किंवा शौचात रक्त, ताप, सतत वाढणारे किंवा उजवीकडे सरकलेले दुखणे, गरोदरपण, तसेच पन्नाशीपुढच्या माणसाला घाम सुटून पोटाच्या वरच्या भागात दुखणे, जे हृदयविकाराचेही असू शकते, यांपैकी काहीही असल्यास घरचे उपाय बाजूला ठेवून थेट मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळचा दवाखाना गाठावा. चौकटीला जागा कमी पडत असेल, तर एक उपाय कमी छापावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
महाल, नागपूर