शर्यत पाहायला गेलो, थोडक्यात वाचलो

संपादक महोदय,

मागच्या रविवारी आम्ही पाच मित्र पारोळ्याहून धुळ्याच्या बाजूला ‘फोर बाय फोर’, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांची शर्यत पाहायला गेलो होतो. फलकावर ‘डेझर्ट’ असा शब्द होता. वाळू म्हणाल तर नाल्याच्या पात्रात दोनशे पावलं, बाकी सगळा मुरूम आणि घोटाभर फुफाटा. पण मजा आली, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्या जुन्या जिप्सीचं मागचं चाक अधांतरी झालं की अख्खा माळ ओरडायचा. पाण्याचा टँकर सकाळी एकदाच फिरून गेला होता, त्यामुळे दुपारी डबा सोडला तेव्हा कळण्याच्या भाकरीबरोबर धूळही दाताखाली कचकचत होती.

तक्रार धुळीची नाही. धुळ्यात येऊन धुळीची तक्रार कोण करणार!

ट्रॅक आणि माणसं यांच्यामध्ये होती ती चुन्याची एक रेघ. एका बाजूला बाभळीच्या खुंट्यांना दोरी बांधली होती, तिच्यावर दुपारी कुणीतरी टॉवेल वाळत घातला. सगळ्यात जास्त गर्दी कुठे, तर नाल्यातून वर आलेल्या गाड्या जिथे डावीकडे वळतात, त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. फोटो तिथूनच चांगला येतो. आम्हीही तिथेच. शेजारचे एक बाबा मला दोनदा म्हणाले, ‘भो, आठे नको उभा ऱ्हाऊ, मांगे सरक.’ मी हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या फेरीत एक जीप चढ चढून आली आणि वळलीच नाही. चुन्याची रेघ पुसत सरळ पुढे आली ती बर्फगोळ्याच्या गाडीपासून चार पावलांवर थांबली. उडालेला एक गोटा आमच्यातल्या एकाच्या नडगीवर बसला, तेवढ्यावर निभावलं. रुग्णवाहिका कुठे आहे विचारलं, तर भोंग्यावरून ‘रसिकांनी सहकार्य करावे’ एवढंच ऐकू आलं. नडगीला बर्फ लावला तो गोळेवाल्याने, पैसेही घेतले नाहीत. पाच मिनिटांत लोक पुन्हा त्याच जागी, आता चाकांच्या खुणांवर पाय ठेवून!

मुरमावर टायर घसरला की गाडी वळणाच्या बाहेरच फेकली जाते. उसळी घेऊन खाली आलेल्या गाडीचं तोंड कुठे वळेल, हे तर चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. १४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात अशाच एका शर्यतीत एक ट्रक उसळीनंतर गर्दीत घुसला आणि आठ प्रेक्षक जागीच किंवा नंतर दगावले. ती शर्यत सरकारी जमिनीवर, रीतसर परवाना घेऊन चालली होती. लोक मात्र ट्रॅकला खेटून उभे होते आणि मध्ये कठडा नव्हता. म्हणजे परवान्याच्या कागदाने गाडी अडत नाही.

आपल्याकडे बैलगाडी शर्यतींना १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. बैलाचा पाय डॉक्टरने पाहावा हे योग्यच आहे. मग बघायला आलेल्या माणसाच्या पायाचं काय?

शर्यती बंद करा असं माझं म्हणणं नाही. ज्याची नडगी सुजली तोच पुढची तारीख विचारतोय. आयोजकांना आणि परवानगी देणाऱ्यांना विनंती इतकीच, की वळणाच्या बाहेरचं अंग आणि उसळीपुढची जागा पूर्ण मोकळी ठेवा. माणसं वळणाच्या आतल्या अंगाला, ट्रॅकपासून लांब उंचवट्यावर बसवा. तिथे दोरी ताणलेली असू द्या आणि ती सांभाळायला चार पोरं उभी करा. आणि रुग्णवाहिका माळावर येऊन उभी राहिल्याशिवाय पहिल्या गाडीला झेंडा दाखवू नका.

आपला,
एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)