फुकुओकाच्या सायकलवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुम्हांला मराठी वाचता येत नाही, म्हणून जपानी पत्र वेगळं पाठवलं आहे. हे मराठीत लिहितोय ते इकडच्या लोकांसाठी. मॉर्मन या ख्रिस्ती चर्चची मुलं-मुली मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेला, परदेशी जातात म्हणजे दिवसभर करतात काय, आणि तिथे त्यांना सांभाळून कोण घेतं, हे इकडच्यांनाही कळावं. आणि तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते.

मुलगे 24 महिने, मुली 18 महिने सेवा करतात. देश स्वतः निवडायचा नसतो. साधारण साडेसहाला उठायचं, व्यायाम, शास्त्रवाचन, भाषेचा अभ्यास, मग बाहेर, आणि साडेदहाला दिवा बंद. सोबती नेमून दिलेला असतो आणि त्याला सोडून कुठे जायचं नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. कुणाचा सोबती बदलतो, कुणाचं गावच. जपानात पुष्कळ भागांत हे सगळं सायकलवर चालतं.

जोडीनं राहण्याच्या नियमामुळे पंक्चर एकाचं झालं तरी संध्याकाळ दोघांची जाते. एकानं सायकल ढकलायची, दुसऱ्यानं पुढे निघून जायचं, असं चालत नाही. हे तुम्ही न सांगता ओळखलंत. सायकल एकच आली तरी स्टुलं दोन मांडलीत. आठवड्यातली मोकळी सकाळ, बाजारहाट, धुणं, केस कापणं सगळं उरकायची, ती बहुधा सोमवारची. तेव्हा तुम्ही शटर लवकर उघडलंत. रविवारी ही मुलं खरेदी करत नाहीत, म्हणून शनिवारी आलेली सायकल शनिवारीच परत दिलीत. चर्चच्या नियमानं हिरवा चहा चालत नाही हे कळल्यावर सातूचा गार चहा, म्हणजे 'मुगिचा', ठेवायला लागलात. तो चालतो, आणि उन्हाळ्यात तो किती लागतो ते तिथे सायकल चालवलेल्यालाच माहीत.

निम्मी पंक्चरं पंक्चर नसतात, हे तुम्ही शिकवलंत. जपानी घरगुती सायकलीला आपल्याकडच्या जुन्या सायकलींसारखाच व्हॉल्व्ह असतो, आत रबराची बारीक नळी. आपली वालट्यूब. ती वर्षभरात कुजते, हवा हळूहळू उतरते आणि मुलं टायर उकलत बसतात. आधी वालट्यूब बदलायची, मग ट्यूब पाण्यात धरायची. या व्हॉल्व्हवर हवेचा दाब नीट मोजता येत नाही, म्हणून तुमची खूण: स्वार बसल्यावर टायर जमिनीला साधारण 10 सेंटिमीटर टेकला पाहिजे. जास्त टेकला तर फुटपाथच्या कडेवर चढताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. खऱ्या पंक्चरला ट्यूब घासायची, सोल्युशन पातळ लावायचं, आणि ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. ओल्यावर लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. काटा तिथेच राहिला असेल तर सगळी मेहनत वाया.

सगळ्यात मोठा उपकार ब्रेकचा. मागचा बँड ब्रेक, म्हणजे पट्टा आवळून चाक थांबवणारा ब्रेक, किंचाळायला लागला की नवखा मुलगा त्यावर तेलाचा फवारा मारतो. आवाज थांबतो, आणि ब्रेकही. उतारावर हे जिवावर बेततं. प्रत्येक नव्या जोडीला पहिल्याच भेटीत तुम्ही सांगितलंत: तेल चेनला, ब्रेकला कधीच नाही, किंचाळला तर घेऊन या. जूनच्या पावसात चेन आधी पुसायची, मग तेल, मग वरचं तेल परत पुसायचं. नाहीतर काळं वंगण पँटवर आणि हात पुसून सदऱ्यावर. आणि सदरा पांढरा.

उंच मुलं सीटचा दांडा कमाल उंचीच्या खुणेच्या वर ओढतात आणि तो वाकतो, कधी मोडतो. तुम्ही 25.4 मिलिमीटर जाडीचे लांब दांडे मागवून ठेवलेत. टाच पेडलवर, पाय सरळ, ही उंचीची खूण. गुडघेदुखीच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या. मुलींचे लांब स्कर्ट मागच्या चाकात जाऊ नयेत म्हणून साडीगार्डसारखी जाळी बसवून दिलीत.

सायकली पिढीजात. आधीचा घरी परततो, सायकल खोलीवर राहते आणि तिच्यावरची चोरीप्रतिबंधक नोंदणी गेलेल्याच्याच नावावर. रात्री पोलिसांनी थांबवून नंबर तपासला की तुटक्या भाषेत खुलासा करत बसायचं. जुनी नोंद रद्द करणं, देणाऱ्याची सही असलेला कागद, नवी नोंद, हा क्रम तुम्ही लावून दिलात. जाणाऱ्याची सही तो विमानात बसायच्या आधी घ्यायची, हेही.

आणि भाषा. प्रशिक्षण केंद्रात प्रार्थना, पश्चात्ताप, बाप्तिस्मा हे शब्द पक्के होतात. 'चेन सुटली' कुणी शिकवत नाही. 'पांकु शिमाशिता' हे साधं वाक्य तुमच्या दुकानात तोंडी बसलं. दिवसभर बहुतेक दारं 'केक्को देस', म्हणजे 'नको', म्हणून बंद होतात. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही 2019 पासून. त्याआधी वर्षातून दोनदाच. अशा दिवसांत तुमच्याशी नटबोल्टांवर बोलणं होई. तुम्ही चर्चचे नाही, कधी झालाही नाहीत, आणि त्यानं तुमच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. आमच्याही पडू नये, अशी खटपट आम्ही केली.

तुमच्या हातचा कागद खोलीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे: सोमवारी हवा, चेन, दोन्ही ब्रेक, दिवा. पावसात कोपरे सुटतात. बदली होऊन जाणारा ते चिकटवूनच निघतो.

आपले,
त्या सायकली चालवलेले सगळे